हळद लागलेला ईसीजी

माझ्या हळदीला वाजवायला माझ्या धाकट्या भावाचीच, प्रबुद्धची बँजो पार्टी होती, त्यामुळे मी दुपारपासूनच हवेत होते. नवरीने नाचू नये म्हणणारी माधुरी आत्या पहिल्याच गाण्याला माझ्यापुढे नाचत होती. घाटकोपरातल्या आमच्या गल्लीत चालायलाही जागा उरली नव्हती.

ढोलावर प्रबुद्धचा हात भलताच पळत होता. कीबोर्डवाला विकी ओरडत होता, "अरे हळू ना यार, गाणं संपतंय!" लोक म्हणत होते, झकास. मीही तेच म्हटलं आणि मूठभर हळद घेऊन प्रबुद्धच्या शर्टात हात घातला. छाती धडधडत नव्हती, फडफडत होती. सहा वर्षं मी हॉस्पिटलात ईसीजी काढते. मनगट धरलं तर नाडी मोजता येईना.

मग एका रिक्षात मी, आत्या आणि घामाने भिजलेला प्रबुद्ध. मी काम करते त्याच हॉस्पिटलात गेलो. वॉचमनला वाटलं, नवरी पत्रिका द्यायला आलीय. नव्या सिस्टरने प्रबुद्धकडे बघून विचारलं, "कावीळ कधीपासून?" मला हसू आवरेना. छातीवर हळद नि तेल, त्यामुळे ईसीजीच्या पट्ट्या चिकटेनात. आत्या पदराने पुसतेय, मी स्पिरिटने. शेवटी चिकटल्या. ठोके मिनिटाला एकशे अडुसष्ट.

"काही घेतलंयस?" डॉक्टर सुहासिनींनी विचारलं.

"चहा," प्रबुद्ध म्हणाला.

त्यांनी ठोके कमी करायचं इंजेक्शन भरायला सांगितलं. नशेची पावडर पोटात असली तर तेच औषध उलटू शकतं, हे मला माहीत होतं. हसू कुठल्या कुठे गेलं.

"प्रबुद्ध, खरं बोल. औषध त्यावर ठरणार आहे. जीव जाईल."

तो आत्याकडे बघत राहिला. आमचा पोरगा सुपारीसुद्धा खात नाही, असं तिने साऱ्या गल्लीला सांगितलं होतं.

आत्या पुसायची थांबली नाही. "गल्लीत मी उद्याही खोटंच सांगेन रे. तू इथे बोल."

"एमडी पावडर," तो म्हणाला. "तीनला घेतली. पाचला परत."

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवली आणि दुसरं औषध मागवलं. कागद पुन्हा पाहिला. हृदयाच्या नळ्या आवळल्यात, स्नायूला मार बसलाय, म्हणाल्या. चोवीस वर्षांच्या माझ्या भावाच्या. आयसीयूत ठेवायचं होतं. तिथूनच मी सर्वेशला, माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, फोन करून उद्याचं लग्न पुढे ढकललं.

"कशाला घेतलीस रे?" मी विचारलं.

"तुझ्या हळदीला दम कमी पडायला नको म्हणून, ताई."

मी त्याच्या थोबाडीत द्यायला हात उचलला. पण वायरी लावलेल्या होत्या, तो हलला असता तर ईसीजी बिघडला असता. म्हणून मी त्याचा हात धरला आणि त्याला म्हटलं, पडून राहा, हलू नकोस.