साडेसहाचा फोन

लिफ्टवाल्याला आवाज ऐकू यायला लागून अकरा महिने झाले होते आणि त्यानं ते कुणालाही सांगितलं नव्हतं. खरं तर तो ज्या मंडळींत बसायचा, तिथं आवाज ऐकू येणं म्हणजे काही जगावेगळं नव्हतं. इस्त्रीमावशींना बावीस वर्षं एक बाई शिव्या देत होती, आणि ती बाई दुसऱ्या कुणाला कधी दिसली नाही. मावशी सगळ्यांदेखत तिला दटावायच्या, "थांब गं बाई, एवढी पँट होऊ दे, मग बोल." अशा ठिकाणी लिफ्टवाल्यानं तोंड उघडलं असतं, तर कुणी हसलं नसतं. पाण्याचा ग्लास पुढे करून एवढंच विचारलं असतं, की आवाज कुणाचा?

तिथंच तर घोडं पेंड खात होतं. आवाज बेकरीवाल्याचा होता, आणि बेकरीवाला मेला होता.

ही मंडळी म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. इस्त्रीमावशींची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे एक लांबट खोली. दर गुरुवारी दुपारी चारला लोकांचे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट बाजूला सारत सारत आत जायचं आणि मिळेल त्या स्टुलावर बसायचं. अकरा जण होते. कुणी दारूतून उठलेलं, कुणी गोळ्यांतून, कुणी वेड्यांच्या इस्पितळातून. शिकवणारा साहेब कुणी नाही. पडलेल्यांनीच पडलेल्यांना हात द्यायचा. मावशी डॉक्टरच्या विरुद्ध होत्या असं मात्र समजू नका. "गोळी चुकवलीस तर कान उपटीन," असं त्या भल्याभल्यांना बजावायच्या. "पण डॉक्टर भेटतो महिन्यातून दहा मिनिटं. उरलेल्या महिन्याचं काय करायचं?"

उरलेल्या महिन्यासाठी साखळी होती. रोज सकाळी मावशी पहिला फोन लावायच्या, तो माणूस पुढच्याला, पुढचा त्याच्या पुढच्याला. प्रत्येकाची वेळ ठरलेली. बोलायचं काय, तर "आहेस का?" आणि "आहे." बस्स. शेवटच्याचा फोन सातच्या आत मावशींकडे परत आला पाहिजे. नाही आला, तर दोघांनी हातातलं काम टाकून, कुठं तुटलीय ते शोधत त्या माणसाच्या दारात जायचं. सात वर्षांत साखळी नऊ वेळा तुटली होती, आणि ते नऊच्या नऊ जण आज जिवंत होते.

साडेसहाला लिफ्टवाल्यानं बेकरीवाल्याला फोन करायचा, हा त्याचा नेम. दोघं एकाच आठवड्यात मंडळींत आले होते. बेकरीवाला नियम कसला पाळतोय! "आहे" म्हणून झालं की वर पाच मिनिटं बडबड. भट्टी कशी धुमसतेय, पाव कसे फुगलेत, तुझा आवाज का बसलाय, रात्री जेवलास का. नस न् नस ओळखायचा लिफ्टवाल्याची.

त्या दिवशी सकाळी लिफ्टवाला एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीन रूममध्ये पडला होता. पाच वर्षांनी प्यायला होता. का प्यायला, हे विचारू नका. त्यालाही धड सांगता आलं नसतं. लिफ्ट दुरुस्तीचं काम संपलं, अंगावर ग्रीस होतं, कोपऱ्यात कुणाची तरी अर्धी बाटली होती, एवढंच. साखळीत त्याच्या आधी मास्तर होते, त्यांचा फोन आला तेव्हा श्वास रोखून तो "आहे" म्हणाला. ते खपून गेलं. पण बेकरीवाल्याला एक अक्षर पुरलं असतं.

आणि मंडळींचा नियम काय, तर घसरलात तर सांगा, घसरण्याची लाज नाही. हे वाक्य नव्या माणसांना कोण समजावून सांगायचं? लिफ्टवालाच! पाच वर्षांचा तो, सगळ्यांचा आदर्श. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. त्यानं बेकरीवाल्याला फोन केलाच नाही. त्याच्या पुढच्या कडीला, नर्सताईला, मेसेज टाकला. "बेकरीवाला भट्टीवर आहे, हात भरलेत. मी बोललोय, बरा आहे. तुम्ही पुढे करा."

साखळी सातच्या आत पुरी झाली. कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. संध्याकाळी बेकरीच्या मागच्या खोलीचं दार फोडलं तेव्हा कळलं, की बेकरीवाल्यानं स्वतःला संपवलंय.

एक खोटं झाकायला दहा खोटी लागतात. लोकांनी विचारलं, शेवटचं काय बोलला रे तुझ्याशी? लिफ्टवाला म्हणून गेला, "हसला. म्हणाला, आज भट्टी मस्त पेटलीय." त्या दिवसापासून त्यानं दारूच्या थेंबाला हात लावला नाही. पण मंडळींच्या हिशेबी ती पाच वर्षं मोडलीच नव्हती. तो दर गुरुवारी जाऊन बसायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय!

आवाज मात्र त्याला सोडेना. कधी शाफ्टच्या तळाशी उभा असताना वरून यायचा, कधी लिफ्टच्या टपावर बसून दोर तपासताना खालून. सगळ्यात वाईट म्हणजे लिफ्टच्या आतला फोन, माणूस अडकला तर बोलायचा. लिफ्टवाला त्याची चाचणी घ्यायला बटण दाबायचा, पलीकडे चौकीदार असायला हवा, आणि जाळीतून यायचं, "हॅलो? आहे मी. बोल ना." त्यानं वायरी बदलल्या, स्पीकर बदलला. आवाज तसाच, पिठानं भरलेल्या हातांनी फोन कानाशी धरल्यासारखा, जरा लांबून. त्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं. नुसता वाट बघणाऱ्या माणसाचा आवाज होता तो.

महिन्यापूर्वी बेकरीवाल्याची मोठी बहीण मंडळींत आली. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. झोपेच्या गोळ्यांशिवाय डोळा लागेना, आणि आता गोळ्यांनीही लागेना. सगळे तिला ताई म्हणायला लागले. मावशींनी लिफ्टवाल्याला बोलावून सांगितलं, "तू तिचा सोबती. तिच्या भावाशी शेवटचं तूच बोललायस. तुझ्याशी बोलून तिला जरा बरं वाटेल."

लिफ्टवाल्याला ते नको होतं. पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

गेल्या गुरुवारी बैठक सुटल्यावर ताईनं त्याला पायरीवर गाठलं.

"भाऊ, खरं सांगा. साडेसहाला तो बरा होता ना?"

"होता."

"हसला ना?"

लिफ्टवाल्यानं मान हलवली. ताईनं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की त्याला वाटलं सुटलो. पण ती म्हणाली, "मग मीच."

"काय मीच?"

"सात वाजता मी गेले होते त्याच्याकडे. कुणाला सांगितलं नाही मी हे. भांडायला गेले होते. आईच्या आजारपणात एकदाही फिरकला नाही म्हणून. नको नको ते बोलले भाऊ, दारात उभी राहून. साडेसहाला माणूस हसतोय, सातला मी जाते, आणि मग..." तिनं पर्समधून चष्म्याची एक डबी काढली, उघडली, पुन्हा मिटली. आत चष्मा नव्हता, गोळ्या होत्या. रोजची एक एक न घेता साठवलेल्या. "तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. निदान नक्की कळलं."

लिफ्टवाल्यानं डबी मागितली, तिनं दिली नाही. त्यानं मावशींना सांगितलं. मावशींनी त्याच संध्याकाळी तिच्या घरी जाऊन डबी काढून घेतली आणि आठवडाभर नर्सताईला तिच्याकडे झोपायला पाठवलं. पण डबी काढून घेतल्यानं काय होणार होतं? गोळ्या दुकानात मिळतात. ताईच्या डोक्यात जे बसलं होतं, ते लिफ्टवाल्यानं बसवलं होतं, आणि ते काढणारा दुसरा कुणी नव्हता.

तो आठवडा त्याला खायला उठला. आवाज आता रस्त्यातही यायला लागला. एकदा तर लिफ्टच्या टपावर असताना त्यानं न राहवून खाली वाकून विचारलं, "काय करू रे?" शाफ्टमधून उत्तर आलं नाही. नेमकं तेव्हाच आलं नाही. त्याला मनातून माहीत होतं, की सांगितलं तर ताई वाचेल आणि आपण मंडळींतून उठू. आणि मंडळींतून उठलो, तर आठ दिवसांत आपण कुठल्या तरी मशीन रूममध्ये सापडू. आगीतून फुफाट्यात. त्याला मनापासून भीती वाटत होती. का नाही वाटणार? जगायचं होतं त्याला.

आणि योग बघा, पुढच्या गुरुवारी त्याची सहा वर्षं पुरी होत होती. मंडळींचा रिवाज असा, की वर्ष पुरं झालेल्या माणसाचा शर्ट मावशी सगळ्यांसमोर स्वतः इस्त्री करायच्या. तो गरम गरम शर्ट अंगात घालून त्यानं उभं राहायचं आणि आकडा सांगायचा. मावशींनी टेबल मधोमध ओढलं. लिफ्टवाल्याचा निळा शर्ट पसरला, पाणी शिंपडलं. कॉलर झाली, एक बाही झाली. वाफेचा वास खोलीभर पसरला. मास्तर म्हणाले, "सहा वर्षं म्हणजे खायचं काम नाही हो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती, पण तिची नजर कुठंच नव्हती.

"मावशी, इस्त्री थांबवा," लिफ्टवाला म्हणाला.

"का रे? दुसरी बाही राहिलीय."

"सहा वर्षं नाहीत. अकरा महिने आहेत."

मग त्यानं सांगितलं. उभ्यानंच, बनियनवर, मध्ये न थांबता. मशीन रूम, बाटली, मास्तरांना दिलेला "आहे", नर्सताईला टाकलेला मेसेज. "मी त्याच्याशी बोललोच नाही. तो हसला नाही. भट्टीचं मी रचलं. त्या दिवशी त्याला कुणाचाच फोन गेला नाही ताई. तुम्ही जाण्याच्या आधीच साखळी तुटली होती. मी तोडली, आणि जोडल्यासारखी दाखवली. सातनंतर दोघं जण त्याच्या दारात जायला हवे होते, ते माझ्यामुळे गेले नाहीत. तो मला अजून ऐकू येतो."

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली. नर्सताई ताडकन उठली. "मी विचारलंसुद्धा नाही रे! मी म्हटलं, तू सांगतोयस म्हणजे..." ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला. एरवी ज्या खोलीत माणसं काय काय कबूल करायची आणि कुणाच्या कपाळाला आठी पडायची नाही, त्या खोलीत कुणी कुणाकडे बघेना. लिफ्टवाला मावशींना म्हणाला, "जातो मी," आणि दाराशी जाऊन चपलांत पाय घालायला लागला.

ताई त्याच्याकडे बघत होती. आठवडाभरात पहिल्यांदा तिची नजर कशावर तरी ठरली होती.

"मी गेले ना, तेव्हा त्याच्या हातात फोन होता," ती म्हणाली.

लिफ्टवाला थांबला.

"मी एवढी ओरडतेय, आणि हा फोनकडे बघतोय. एकदा नाही, सारखा. म्हणून तर माझं डोकं फिरलं. नाही तर मी आपली नुसती कुरकुर करून निघाले असते. मी म्हटलं, एवढा कुणाचा फोन यायचाय तुला? सात वाजून गेले होते तेव्हा." ती पुढे म्हणाली, "तर म्हणाला, येईल गं. आज उशीर झालाय त्याला, पण तो करतो. चुकवत नाही तो."

लिफ्टवाला दाराची चौकट धरून मट्‌कन खाली बसला. अकरा महिन्यांत त्याला रडू आलं नव्हतं, ते आता आलं. लहान मूल रडतं तसं, तोंड उघडं टाकून. कुणी त्याला उगी उगी केलं नाही, आणि कुणी हाकललंही नाही.

त्याचं रडणं ओसरल्यावर ताईनं आपल्या शेजारचं रिकामं स्टूल पायानं त्याच्याकडे सरकवलं.

"मला तुमचं तोंड बघवत नाहीये," ती म्हणाली. "पण जाऊ नका. चपला काढा आणि बसा इथं. तो कसा बोलायचा फोनवर, ते मला सांगा. रोजचं सांगा. खरं खरं सांगा."