तीस टक्के हृदय

आबांच्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग होते. ओला असताना चीक दिसत नाही, वाळला की काळा पडतो, मग कितीही आपटा, जात नाही. मी आपटत होती आणि डोक्यात आलं, हा माणूस पहाटे नुसता फिरायला जातो ना? मग चीक कुठून?

आबा म्हणजे माझे वडील, गिरधर पाटील. चैत्रात त्यांना अटॅक आला. मुंबईला नेलं. जांघेतून तार घालून, फुगा फुगवून बंद नस उघडली. डॉक्टर म्हणाले, नस मोकळी झाली, पण हृदयाचा एक भाग झोपलाय. तीस टक्केच पंप मारतंय, साठ पाहिजे. रक्त मिळत राहिलं की हळूहळू जागं होईल. तीन महिन्यांनी जळगावला तपासा. तोवर चालायचं, जड उचलायचं नाही.

बेबाआत्याला हे पटलंच नाही. "छातीवर एक टाका नाही. काय उघडलं या डॉक्टरायनं? भाऊ, पोरीचं उरकून टाक." टाक्याच्या गोष्टीवर आबा हसले, पण आत्यानं लगेच पहूरचं स्थळ आणलं. मला लग्न करायचं नव्हतं. पण आबा रोज संध्याकाळी खाटेवर छाती धरून बसायचे. "तुझे हात पिवळे झाले की मी सुटलो, पमे." मास्तरला उलट बोलून नववीत शाळा सोडलेली मी, इथं गप झाली. हो म्हणाली. तीस टक्केवाल्याला नाही कोण म्हणेल?

आणि आता हा चीक.

दुसऱ्या पहाटे गुपचूप मागे गेली. आबा बागेत केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होते, सपासप. मग एक घड खांद्यावर टाकून बांधापर्यंत आणला. दम नाही, काही नाही.

तशीच घरी आली, फाईल काढली. इंग्रजी येत नाही, आकडे येतात. मुंबईच्या कागदावर जिथं तीस होतं, तिथंच जळगावच्या नव्या कागदावर बावन्न. आठ दिवसांपूर्वी जळगावहून येऊन आबा म्हणाले होते, "तेवढंच आहे."

कागद घेऊन पुन्हा बागेत गेली.

"बावन्नचे तीस कसे केले, आबा?"

"कोनं सांगितलं तुले?"

"कागदानं."

आबा विळा पुसत बसले. "झोपलेलं जागं झालं, पमे. पुन्हा झोपलं तर? चालू आहे तवर तुले सासरी धाडतो."

"म्हणजे तुमचाही डॉक्टरवर भरोसा नाही. उगाच आत्याला हसत होते."

"रागावू नको."

"उद्या पहूरचे सुपारी फोडायला येतायत. खरं तुम्ही सांगा, नाहीतर हा कागद मी त्यांच्यासमोर धरीन."

पाहुणे आले. मुलाचे वडील कौतिकनाना टेकून बसले. "गिरधरभाऊ, तब्येत कशी? घाई आहे म्हणे."

मी चहा घेऊन दारात. ट्रेखाली कागद. आबांनी तो पाहिला.

"बावन्न," ते म्हणाले.

"काय बावन्न?" आत्या.

"हृदय. आता घाई नाही, नाना. पोरगी म्हणेल तव्हा पाहू."

"काल तर तीस होतं, भाऊ."

"कालही बावन्नच होतं, बेबा."

कौतिकनाना हसले. "एवढा तर केळीचा भाव बी रात्रीतून चढत नाही." सुपारी त्यांनी परत खिशात टाकली.

आत्या माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. मी चहा दिला आणि तिथंच उभी राहिली. पाहुण्यांची जीप निघेपर्यंत कागद हातातून सोडला नाही. आबांचा काय भरोसा.