बराकीच्या खिडकीतलं पांढरं निशाण

मित्रांनो, मी एक जुनी बराक आहे. पण माझ्यात कधी खरा शिपाई निजला नाही, की माझ्या अंगणात कधी खरं रक्त सांडलं नाही. मी जेमतेम दोन हात लांब आणि दीड हात रुंद. माझ्या भिंती खडूच्या रिकाम्या पेट्यांच्या, छप्पर पुठ्ठ्याचं आणि अंगावरचा रंग चहाच्या पाण्याचा नि गेरूचा. नागपुरात, महालातल्या एका घरात, देवाच्या खोलीतल्या फडताळावर मी पडून असते. माझ्यावर धूळ आहे. असू द्या. मला सांगायचं आहे ते धुळीबद्दल नाही.

मला मनोहररावांनी बनवलं. ते कोष्ट्याच्या घरातले पहिले मास्तर. शाळेत इतिहास शिकवत. त्यांचे वडील नागपुरी लुगडी विणायचे. ते गेल्यावर त्यांचा माग ओसरीत तसाच उभा होता. धाकटा भाऊ रुपराव खापरखेड्याच्या वीजघरात नोकरीला लागला आणि बायकोला घेऊन तिथल्या कॉलनीत राहायला निघाला, तेव्हा मागावर हात ठेवून म्हणाला, "दादा, हा मोडू नको. मोडायचाच झाला तं मले बलाव. दोघं मिळून मोडू."

"बरं," मनोहरराव म्हणाले होते.

पण १९६९च्या उन्हाळ्यात, शिकवणीच्या पोरांना बसायला जागा नाही म्हणून, त्यांनी एकट्यानेच माग मोडला. बोलावू, बोलावू म्हणता राहून गेलं. बाप ज्या सागवानी फळीवर बसून चाळीस वर्षं विणत होता, ती माझी बैठक झाली. सूत गुंडाळायच्या बोरूच्या कांड्या कापून त्यांचे शिपाई झाले. मित्रांनो, एका मोडलेल्या शब्दातून माझा जन्म झाला. तेव्हा मला त्याचं काय? मला वाटे, मी नुसती कौतुकाचीच.

रुपराव आला. ओसरीतली रिकामी जागा बघितली. माझ्या फळीवरून हात फिरवला.  "चाल, शिकव तुहा खेळ," एवढंच म्हणाला.

खेळ असा होता. सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडे मनोहररावांना एक जुनं चित्रांचं इंग्रजी मासिक मिळालं होतं. १९३६ साली स्पेन देशात यादवी पेटली, त्याची चित्रं त्यात होती. माद्रिद शहरातल्या टेकडीवर एक बराक होती. आतले शिपाई सरकारवर उलटले होते आणि बाहेर शहरातल्या माणसांनी वेढा घातला होता. आतले आणि बाहेरचे एकाच देशाचे, एकच भाषा बोलणारे. आतल्या कांड्यांना मनोहररावांनी नीळ लावली, बाहेरच्यांना गेरू. सहा कवड्या टाकायच्या. चार चित पडल्या की समोरचा एक गडी बाद, पाच पडल्या तर तीन, सहा पडल्या तर सहा. मनोहरराव नेहमी आत. रुपराव नेहमी बाहेर.

मनोहररावांच्या बायकोचं नाव मैनाबाई. त्या शेजारीच फुलवाती वळत बसायच्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, त्यांचा एकही वार रिकामा नसे. यादवी हा शब्द ऐकून त्या म्हणाल्या, "पोथीत यादवांनी लव्हाळ्यानंच मारलं होतं एकमेकांले. अन् हे शिपाई बी बोरूचे. भाऊजी, खेळ म्हणून बी हे बरं नाही."

"वैनी, तुम्ही आमच्यासाठी एखादी वात लावा," रुपराव हसला. "दादाच्या बराकीत उजेड पडंल."

तीन वर्षं दर रविवारी दुपारी माझ्याभोवती हसणं होतं. शाळेच्या संमेलनात मला टेबलावर मांडलं, तेव्हा हेडमास्तरांनी वाकून माझ्या अठराही खिडक्या मोजल्या. त्या दिवशी मी किती फुगले म्हणून सांगू! खडूच्या पेटीला आणखी काय हवं असतं?

मग १९७२चा दसरा आला. रुपरावाने दादाच्या हातात सोनं ठेवलं, पाया पडला आणि दोघं खेळायला बसले. आत मनोहररावांचे चारच गडी उरले होते. ते म्हणाले, "माझ्या डाव्या खिडकीत पांढरं निशाण. शरण."

रुपरावाने कवड्या खाली ठेवल्या. आपले सगळे गडी माझ्या अंगणात आणले. तेवढ्यात मनोहररावांनी कवड्या टाकल्या. पाच चित. पुन्हा टाकल्या. सहा. अंगणातले गडी भराभर आडवे झाले.

"हे काय? तू तं शरण आला होता!"

"डाव्या खिडकीतून आलो. उजवीतून नाही. तिथं असंच झालं होतं, रुप्या. एका खिडकीत पांढरं फडकं दिसलं, लोक धावले, अन् दुसरीतून मशीनगन सुटली. आतल्या लोकांचंच एकमत नव्हतं. मासिकात आहे."

"मासिक गेलं चुलीत!" रुपराव उठला. त्याच्या आवाजात खेळ उरला नव्हता. "तू असाच आहे. तोंडानं बरं म्हणते अन् हातानं मोडते. बाबाचा माग बी असाच मोडला. तीन वर्षं मी ह्या फळीवर हात ठेवून खेळून राहिलो, तुले एकदा बी वाटलं नाही, का ह्याले काही बोलावं?"

मनोहरराव मास्तर होते. मास्तराला पोरं चुकतात हे दिसतं, आपण चुकतो हे दिसायला वेळ लागतो. ते म्हणाले, "खेळात हरला म्हणून रडू नको."

रुपराव गेला. ताटातली पुरणपोळी तशीच राहिली.

दहा महिने कोणी माझ्याशी खेळलं नाही. मनोहरराव रविवारी दुपारी समोर येऊन बसत, एकटेच कवड्या टाकत आणि चित-पालथ्या न बघताच गोळा करत. शेवटी १९७३च्या श्रावणात एका सकाळी त्यांनी पोस्टकार्ड घेतलं. लिहिलं आणि शाई वाळायला माझ्या छपरावर ठेवलं. म्हणून त्यातला मजकूर जगात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता. तो असा होता: "रुप्या, चूक माझी होती. माग मोडताना तुला बोलवायला हवं होतं. बराकीच्या अठराही खिडक्यांतून शरण आहे. या वेळी गोळी सुटणार नाही. ये."

मग त्यांना वाटलं, तो येईल तेव्हा माझ्या खिडकीत खरंच निशाण दिसलं पाहिजे. मैनाबाई तेव्हा लक्षवातीचं व्रत करत होत्या. त्यांच्यापुढे पांढराशुभ्र कापूस होता. मनोहरराव म्हणाले, "चिमूटभर कापूस दे वं."

"देवाचा आहे तो. संकल्पाच्या कापसातला खेळण्याले देऊ काय?" असं म्हणून त्या ताट उचलून देवळात गेल्या.

मनोहररावांनी इकडेतिकडे बघितलं. छपरावर कार्ड होतं. त्याचा एक कोपरा कोराच होता. त्यांनी तो टर्रकन फाडला, झाडूच्या काडीला चिकटवला आणि माझ्या डाव्या खिडकीत लावला. लांबून बघितला. खूश झाले. आणि ते कार्ड स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

मित्रांनो, तुम्हाला कदाचित हे ठाऊक नसेल. त्या काळी कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची बातमी. असं कार्ड कोणी उंबऱ्याच्या आत घेत नसे. नाव तेवढं बघायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. आमच्या गल्लीतल्या पोरासोरांनाही हे माहीत होतं. स्पेनचा इतिहास पाठ असलेल्या आमच्या मास्तरांना मात्र त्या सकाळी ते आठवलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत एकदम हंबरडा ऐकू आला. रुपरावाची बायको प्रेमिला ऊर बडवत येत होती. "अवं माय वं! माहे भासरे गेले वं!" भासरे म्हणजे थोरले दीर, आमचे मनोहरराव. मागे रुपराव. डोक्याचे केस काढलेले, मिशीही काढलेली, पायांत चप्पल नाही. त्यांच्यामागे अर्धी गल्ली.

आणि मनोहरराव माझ्यासमोर बसून बशीतून चहा पीत होते.

 मग समोरचा धोंडबा पानवाला ओरडला, "अरे मास्तर, तुमची तेरवी कवा आहे? आमाले आवतण द्या!" आणि सगळी गल्ली खदखदून हसली.

मनोहररावांनी भावाच्या गुळगुळीत डोक्याकडे बघितलं. आणि, मित्रांनो, तेही हसले. मोठ्याने, चहा सांडेपर्यंत हसले. मी साक्षीला आहे. ते सुटकेचं हसू होतं. दहा महिन्यांनी भाऊ दारात दिसला, त्याचं हसू. पण ऐकणाऱ्याला ते कसं कळावं?

"हास गा दादा, हास," रुपराव म्हणाला. "कॉलनीतल्या नळाखाली मी तुह्या नावानं आंघोळ केली. तू हास."

"अरे, तू कार्ड वाचलं नाही काय?"

"मयताचं कार्ड कोणी वाचते? हिनं खाली तुहं नाव बघितलं अन् उंबऱ्यावरच फाडलं." मग त्याचा आवाज अगदी खाली आला. "काहून फाडला होता कोपरा?"

मनोहररावांनी माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं.

रुपराव जवळ आला, वाकला. तो इवलासा कागद त्याने बघितला. "ह्याच्यासाठी? ह्या खेळण्यासाठी तू मले टकला केला?"

त्या वेळी कार्डातलं एक वाक्य मोठ्याने म्हटलं असतं, तरी पुरलं असतं. चूक माझी होती. तीनच शब्द. मी आतून ओरडत होते, पण पुठ्ठ्याच्या बराकीला कुठला आवाज? दारात धोंडबा उभा होता, शिकवणीची पोरं उभी होती. त्यांच्यादेखत मास्तरांच्या तोंडून ते निघेना. ते म्हणाले, "बस तं खरा. चहा घे."

"दुसऱ्यांदा निशाण दाखवून गोळी मारली तू," रुपराव म्हणाला. "माह्यासाठी तू मेलाच."

मैनाबाई हातातली वात तशीच धरून दाराआड उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. कोणतं व्रत म्हणून, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

रुपराव पुन्हा आला नाही. मनोहररावांनी पुन्हा कार्ड लिहिलं नाही. "लिहीन एक दिवस," म्हणायचे. एकदा राहून गेलेलं बोलावणं त्यांना आयुष्यभर पुरलं. मला फडताळावर चढवलं. माझ्या गेरूच्या शिपायांना वाळवी लागली. नंतर निळ्यांनाही लागली. वाळवीला पक्ष नसतो.

१९८४च्या माघात मनोहरराव खरंच गेले. मैनाबाईंनी शेजाऱ्याकडून कार्ड लिहून घेतलं आणि कोपरा स्वतः फाडला. तेरवीला प्रेमिला एकटी आली. ती मैनाबाईंना सांगत होती, ते मी वरून ऐकलं.

"कार्ड आलं तं हे म्हणाले, दादाले अजून खेळायचं आहे वाटते. ठेवून दिलं खिडकीत. चार दिवसांनी महालातला एक जण वीजघरात भेटला, तवा खरं कळलं. दोन दिवस जेवले नाहीत, वैनी. पण मी न्हाव्याले बलावू म्हटलं तं म्हणाले, नको. दादाचे केस मी आधीच देऊन चुकलो."

सगळे गेल्यावर मैनाबाई स्टुलावर चढल्या. माझ्या खिडकीतला पिवळा पडलेला कागदाचा कोपरा त्यांनी काढला, कपाळाला लावला. मग त्यांनी देवापुढच्या डब्यातला चिमूटभर कापूस घेतला. संकल्पाचा कापूस. तो त्यांनी माझ्या डाव्या खिडकीत लावला. मग उजव्या. मग एकेक करत अठराही खिडक्यांत.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या सगळ्या खिडक्यांतून शरण आहे, पण वेढा घालणारं बाहेर कोणी उरलेलं नाही. तुम्ही माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. माझी विनवणी एवढीच आहे. कोणाची माफी मागायची असेल तर ती कार्डावर लिहून पेटीत टाकू नका. उठा, चपला घाला आणि जा. खापरखेडा काही लांब नव्हतं.