आमदारबाईंची जीप

मित्रांनो, गारखेड्यात एका अंगणात, लिंबाच्या झाडाखाली जी हिरवी जीप उभी दिसते ना, ती मी. माझं आता वय झालं आहे. जन्मले मुंबईच्या कारखान्यात, पण नांदले मराठवाड्याच्या धुळीत.

बहात्तर साली पिशोरच्या द्वारकाबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या घरी मी आले. बाई माझ्यात पुढं बसत, डोक्यावरचा पदर दातात धरून. बद्रीनाथ मला चालवी. बाई निवडून आल्या आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. प्यायलाही पाणी मिळेना.

सरकारनं पिशोरजवळ पाझर तलाव मंजूर केला. जागा ठरली गायरानाची. तिथं केरबा आणि बानाबाई हे धनगर नवरा-बायको मेंढरं चारत. बाईंचे दीर आप्पासाहेब या जागेवर खूश होते, कारण त्यात घरचं एक ढेकूळही जात नव्हतं. एके दिवशी बानाबाई माझ्यासमोर आडवी उभी राहिली.

"बाई, पाणी तर पायजेच," ती म्हणाली. "पर मेंढरं कुठं न्यावी, तेवढं सांगा."

बाईंनी बद्रीनाथला मला थेट घरी न नेता ओढ्याच्या काठानं घ्यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात एक मंत्री चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरले. बाईंनी त्यांना माझ्यात बसवलं, आधी गायरान दाखवलं आणि मग ओढ्याच्या काठानं खाली नेलं, थेट घरच्या शेतात. तलाव इथं होईल का, असं त्यांनी सोबतच्या इंजिनिअरला विचारलं. उलट इथं पाणी जास्त थांबेल, असं तो म्हणाला. मंत्र्यांनी होकार दिला आणि जागा बदलली.

त्या रानात आप्पासाहेबांनी स्वतः राबून विहीर खोदली होती. त्यांचं दुःख खोटं नव्हतं.

"वहिनी, घरात एका शब्दानं इचारलं नाय तुम्ही," ते म्हणाले.

"इचारलं असतं तर तुम्ही नाय म्हणला असता," बाई म्हणाल्या. "मग मला तुमचा शब्द मोडावा लागला असता."

त्यानंतर आप्पासाहेब कधी माझ्यात बसले नाहीत.

विरोधकांनी तर वेगळंच उठवलं. बाईंनी नापीक जमीन सरकारच्या गळ्यात मारली, असं ते बोलू लागले. पेपरात आलं, विधानसभेत गाजलं. आठवडी बाजारात कुणीतरी दगड मारून माझी काच फोडली. चौकशीत काहीच निघालं नाही, पण ते कुणी छापलं नाही. तलाव मात्र भरला. आजूबाजूच्या विहिरींना पाणी आलं आणि गायरान राहिलं.

अठ्ठ्याहत्तरला बाई पडल्या. मतमोजणीच्या जागी निकाल लागला तसे सोबतचे कार्यकर्ते एकेक करून निघून गेले. त्यातच मी सुरू होईना. बद्रीनाथ खाली मान घालून उभा राहिला. मला फार शरम वाटली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून केरबा, बानाबाई आणि त्यांचे पाच-सहा भाऊबंद आले. बाईंचा निकाल ऐकायला ते सकाळपासून तिथं बसले होते. केरबानं काही न विचारता माझ्या पाठीला हात लावला.

"केरबा, मी आता आमदार नाय राहिले," बाई म्हणाल्या.

"व्हय, ऐकलं आम्ही," केरबा म्हणाला. "तुम्ही बसा. आम्ही ढकलतो."

बाई बसून राहिल्या नाहीत. खाली उतरल्या, पदर खोचला आणि बानाबाईच्या शेजारी उभं राहून त्यांनीही मला रेटा दिला. बद्रीनाथनं स्टिअरिंग धरलं आणि थोडं पुढं जाताच माझं इंजिन धडधडलं. मागं वळून पाहता आलं असतं तर बरं झालं असतं. दोघी बायका हसत होत्या, एवढं मला ऐकू आलं.

मित्रांनो, बाई आता नाहीत. हे अंगण त्यांच्या नातीचं; ती दर रविवारी मला पुसते आणि माझं फार बरं चाललं आहे. जुन्या वस्तूंना तुम्हीही असंच जपा. आणि तुमच्या गावासाठी कधी कुणी काही केलं असेल, तर त्याचं पद गेल्यावरही त्याच्या घरी जा. थोडा वेळ बसा, चहा घ्या. मी पाहिलं आहे, त्या माणसाला तेवढं पुरतं.