सोनबाचा पाय

पिंपळीचा सोनबा पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी पाय बाहेर काढून आलेला. अशा माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाते, हे ठाऊक नसलेला इसम आमच्याकडं एकतर परगावचा असतो, नाहीतर डॉक्टर. वालचंदनगरच्या कॉलनीतले साहेबसुद्धा कंबर धरून यायचे, सोनबाच्या ओट्यावर पालथे पडायचे, इस्त्रीच्या सदऱ्यावर त्याचा मातकट पाय उमटवून घ्यायचे आणि खुशीत परत जायचे.

शहाण्णव साली सोनबाचा उजवा हात मांडीवर ठेवला की आपला आपणच थरथरू लागला. मग त्याच अंगाचं पाऊल घासायला लागलं. बारामतीच्या एका डॉक्टरनं मानेचा फोटो काढला, "मणका झिजलाय, शीर दबलीय" म्हणाला आणि गळ्याला पट्टा घातला. घरात आनंद झाला. दबलेली शीर म्हणजे घरचंच दुखणं.

"दबली आसंल तर उठवू की," सोनबा म्हणाला. "पर सोताच्या पाठीला सोताचा पाय कसा लावायचा?"

म्हणून त्याच्या बायकोनं, सिंधुबाईनं, इंदापूरहून मुक्ताबाईला आणवलं. तीही पायाळू. म्हातारीनं टाच अशी दिली की गळ्यातला पट्टा सुटून पडला. थरथर तेवढी राहिली.

"माज्या पायात गुन हाय," मुक्ताबाई चहा पीत म्हणाली. "तुज्या पाठीतच न्हाय."

शेवटी महिन्यातून एकदा पुण्याहून येणाऱ्या मेंदूच्या डॉक्टरपुढं सोनबाला नेलं. त्यानं त्याला चालवलं, वळवलं, बोटांची उघडझाप करायला लावली.

"मणका झिजलाय, खरं आहे. पण शीर दबली तर मुंग्या येतात, बधिरपणा येतो. हात स्वस्थ असताना असा थरथरत नाही. हा कंपवात. याचं मूळ मेंदूत. दोन्ही दुखणी वेगवेगळी."

"मंग मणका बरा झाला तर?"

"मणका बरा होईल."

"आन् ह्ये?"

"गोळ्यांनी काही वर्षं सुसह्य होईल. जाणार नाही. वाढत जाईल."

सोनबानं टोपी काढून डोकं चाचपलं. "हितं कुनाचा पाय लावायचा, डाक्टरसायेब?"

डॉक्टरनं पुढच्या पेशंटला हाक मारली.

दोनेक वर्षांनी जळोचीचे सर्जेराव उसण भरून आले आणि सवयीनं ओट्यावर पालथे पडले. सोनबा भिंतीला धरून उभा राहिला. पाऊल जमिनीला खिळलेलं.

"आबा, द्या की पाय."

"देतोय."

"कवा?"

"त्येलाच इचार."

सिंधुबाई चुलीपुढून उठली. वाकून तिनं नवऱ्याचं पाऊल दोन्ही हातांनी उचललं, सर्जेरावांच्या कमरेवर ठेवलं. ते तिथं थरथरत राहिलं. मग तिनं ते परत खाली आणून ठेवलं.

सर्जेराव उठले, दोन्हीकडं वाकून बघितलं. "गेली की वो! आबा, आज पायात करंट हुता!" राजदूतला किक मारून ते गेलेसुद्धा.

सोनबा भिंतीला धरून तसाच.

"बसा की आता," सिंधुबाई म्हणाली.

"कवाधरनं बसतोय," सोनबा म्हणाला.

सिंधुबाई पुन्हा वाकली.