मुकी वीट

महादेवप्पा मिस्त्रीने आमच्या दोन विटा उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. बद्द आवाज झाला.

"मुकी हाय," तो म्हणाला. "न्या परत."

मेल्याने नीट पाहिलंसुद्धा नाही! आमच्या उदगीरकडे वीट अशीच पारखतात, खणखणली तर पक्की. पण ती भट्टीतली मातीची वीट. आमची वीट पाण्याच्या रिकाम्या पाउचांची, वितळवून त्यात अर्धापूरच्या केळीच्या खोडाचा वाख, म्हणजे तंतू, घालून दाबलेली. ती कशाला खणखणेल? दुष्काळात भट्ट्या पाण्यावाचून बंद पडल्या होत्या, खुद्द मिस्त्रीचीही. म्हणून तर अंगणवाडीच्या भिंतीसाठी समिती आमच्या विटा बघायला कबूल झाली होती. पास-नापास मात्र मिस्त्रीच्या हातात. नापास झाली की आमची शेड बंद आणि आम्ही सहा बाया पुन्हा उकिरड्यावर कचरा वेचायला.

"दगडावर टाकून तर बघा की, मिस्त्री," सुलतानबी म्हणाली. शेडमधली मशीन तीच चालवते.

"कायला? उद्या उदगीर जिल्हा झाला की पक्क्या इमारती उठतील. तुमचा कचरा कोण घ्यायलंय?"

माझं डोकं सणकलं. मी आमची वीट उचलली आणि पायरीच्या दगडावर आदळली. नुसती उसळली, तडासुद्धा नाही. मग बाजूला पडलेली त्याच्या भट्टीची जुनी वीट आदळली, तिचे चार तुकडे झाले. बघायला जमलेल्या समितीतलं कोणीतरी फिदीफिदी हसलं आणि मिस्त्रीचं तोंड लालबुंद झालं. तिथंच माझं चुकलं. चारचौघांत माणसाची लाज काढायची नव्हती.

"कचरा तो कचराच, बसम्मा! लेकरं कचऱ्यात बसवू का?"

"माझी माय भूकंपात दगडाच्या भिंतीखाली गेली," मी ओरडले. "लई पक्की होती ती भिंत. तुमच्यासारख्यांनीच बांधलेली!"

मिस्त्रीने मान खाली घातली. मला वाटलं, विरघळला. त्याने गुडघ्यावर कागद ठेवून 'नापास' लिहिलं.

आम्ही दोघी शेडमध्ये परतलो, तर बाकीच्या बायांचं काम चालूच होतं. सुलतानबीने त्यांना सांगितलं. एकेक जण हात पुसून बाहेर गेली. साच्यात शेवटची वीट गरम होती.

"ऱ्हाऊ दे गं," सुलतानबी म्हणाली. "आता कुणासाठी?"

पण वीट आत गार झाली की चिकटून बसते आणि साचा वाया जातो. मी पदराने धरून ती बाहेर काढली, साचा खरवडला, त्यात तेलाचं बोट फिरवलं आणि मग मशीन बंद केली.