रणधीरसाहेबांचा फासा

उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला त्या वर्षी करंजाळ्याच्या गुंडप्पा कातारीला पहिल्यांदा सरकारी काम मिळालं. नव्या जिल्ह्याला नव्या कचेऱ्या, कचेऱ्यांना नवे शिक्के, आणि प्रत्येक शिक्क्याला हातात धरायला लाकडी मूठ. दोनशे मुठी त्यानं लेथवर कातल्या आणि लाख लावून चकचकीत करून पोत्यात भरून दिल्या. पुढं चार वर्षांनी, पाठोपाठचे दोन पावसाळे कोरडे गेले, तेव्हा त्याच लेथवर कोळ्यानं जाळं धरलं. लग्नं लांबली होती, म्हणून बाजेचे पाये कुणाला नको होते. पाळणाही कुणी सांगेना. बसस्टँडच्या वळणावरचं दुकान तो उघडायचा ते केवळ घरी बसवत नव्हतं म्हणून.

डाव सुरू केला तो त्याच्या धाकट्या बहिणीनं. शिवकांता प्राथमिक शाळेत मास्तरीण होती. नवरा गेल्यापासून भावाकडंच राहायची. वर्गातली निम्मी पोरं आईबापांमागं हैदराबादकडं गेली होती. उरलेल्यांना धरून ठेवायला ती एकेकाला एकेक सोंग वाटून द्यायची. तू नावाडी, तू वाणी, तू राजाचा जासूद. नदीला पूर आलाय, आता काय करता सांगा. पोरं सांगतील तशी गोष्ट पुढं जायची. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि तिला ते सोंगांचं वेड स्वस्थ बसू देईना.

"अण्णा, मला फासे करून दे," ती एका दुपारी म्हणाली. "सहा अंगांचे. आपण मोठी माणसं खेळून बघू."

गुंडप्पानं तीन फासे केले. स्वतःला बाभळीचा, बायकोला, म्हणजे नीलम्माला, शिसवीचा, आणि तिसरा चिंचेच्या गाभ्याचा. कानशीनं कोपरे मारले, तापल्या तारेनं ठिपके डागले, वर लाखेचा हात दिला. एवढंसं काम, पण त्यात त्याचे चार दिवस सुखाचे गेले.

तिसरा गडी म्हणून भुजंग आला. टंचाईचं काम बघायला करंजाळ्यात जी कचेरी उघडली होती तिथला तो शिपाई. तीस-बत्तीस वर्षांचा, खांदे पाडून चालणारा. दिवसभर त्याला कुणीही हाक मारावी आणि काहीही सांगावं. जेवणाच्या सुट्टीत तो गुंडप्पाच्या दुकानात भाकरी खायला यायचा, कारण कचेरीत त्याला बसायला जागा नव्हती.

शिवकांतानं एक जिल्हा रचला होता. त्याचं नाव निरंजनपूर, तिथं पाऊस नाही, आणि तो कालच नव्यानं झालेला. नीलम्मा झाली येडी गंगू, काठी आपटून जमिनीतलं पाणी सांगणारी म्हातारी. गुंडप्पा झाला लखू, एका कानाचा पाणीचोर. भुजंगाला तिनं विचारलं, "तुम्ही कोण होता?"

भुजंगानं बराच वेळ चिंचेचा फासा तळहातावर घोळवला. मग खाली बघत म्हणाला, "कलेक्टर."

नीलम्माला हसू आलं. शिवकांता हसली नाही. "नाव?"

"रणधीरसाहेब."

रीत सोपी होती. आपण काय करतो ते सांगायचं आणि फासा टाकायचा. पाच-सहा पडले तर काम फत्ते, एक पडला तर सगळं उलटं. पहिल्या दिवशी भुजंगाला तीनदा एक पडला. रणधीरसाहेबांची जीप नाल्यात गेली, सह्यांचे कागद वाऱ्यानं उडाले, आणि शेवटी तर त्यांच्याच चपराशानं त्यांना बाहेर उभं केलं. भुजंग भाकरीचं फडकं गुंडाळून उठला. "आमचं असंच हाय, बाई," एवढंच बोलून तो कचेरीकडं निघाला.

ते गुंडप्पाच्या जिवाला लागलं. संध्याकाळी त्यानं चिंचेचा फासा लेथच्या चिमट्यात धरला, एकाच्या ठिपक्यात बारीक भोक पाडलं, त्यात जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून ओतलं आणि वरून काळी लाख भरली. जड बाजू खाली बसायची, सहा वर यायचा. दहा वेळा टाकला तर सात वेळा. एका माणसाला रोज तासभर बरं वाटेल, यापलीकडं त्याच्या मनात काही नव्हतं. कुणाला सांगितलं नाही, नीलम्मालाही नाही.

मग रणधीरसाहेबांचे दिवस फिरले. त्यांनी सावकाराच्या विहिरीचं कुलूप तोडलं, बुडालेली जीप वर काढली, लखूला पकडून तुरुंगात टाकण्याऐवजी पाणी वाटायच्या कामाला लावलं. समोरचा न्हावी आणि बसचे दोन कंडक्टर ऐकायला येऊन बसू लागले. भुजंगाचा आवाज बदलला. तो रणधीरसाहेबांचं बोलणं शुद्ध, सावकाश बोलायचा. "अर्ज कधी आला? आठ तारखेला? मग आज काय तारीख आहे?" असं त्यानं भुवई वर करून विचारलं की नीलम्मा सुद्धा पदर सावरून बसायची. तो चालायलाही ताठ लागला. गुंडप्पाला वाटायचं, आपण आजवर इतकं चांगलं काही कातलं नाही.

भुजंगाचं गाव उंबरदरा, करंजाळ्याहून तीन कोसांवर. तिथली विहीर फाल्गुनातच आटली होती. त्याची आई नागुबाई, साठीची बाई, दोन मैलांवरच्या ओढ्यातला झिरा खरवडून घागर भरायची. गावाचा टँकरचा अर्ज कचेरीत येऊन पडला होता. भुजंगानंच तो टपालातून काढून अव्वल कारकुनाच्या टेबलावर ठेवला होता, आणि रोज झाडताना तो त्याला त्याच जागी दिसायचा, वर पेपरवेट.

हे त्यानं शिवकांताला एकदा बोलता बोलता सांगितलं. तिनं ते डावात घातलं. मुद्दाम नाही, चांगली गोष्ट दिसली की ती उचलायची, एवढंच.

"साहेब," ती म्हणाली, "एका गावचा अर्ज दीड महिना ढिगाखाली पडलाय. कारकून म्हणतो, पाहणी झाल्याशिवाय टँकर देता येत नाही. पाहणीचे साहेब दौऱ्यावर. काय करता?"

"मी स्वतः हुकूम लिहितो."

"टाका."

सहा पडला. न्हाव्यानं मांडीवर थाप मारली. भुजंगानं फासा उचलला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो डबीत परत न ठेवता खिशात टाकला.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो भाकरी न आणता. गुंडप्पा एकटाच होता. भुजंग स्टुलावर टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "अण्णा, उंबरदऱ्याला टँकर गेला."

"मंजूर झाला का?"

"मी केला."

कचेरीचे साहेब दौऱ्यावर जाताना टँकरच्या कोऱ्या खेपपत्रांवर सह्या करून कपाटात ठेवून जायचे, चावी भुजंगाकडं. काळेवाडीला रोज दोन खेपा लागलेल्या होत्या. भुजंगानं एक पत्र काढून काळेवाडीची एक आणि उंबरदऱ्याची एक असं लिहिलं, शिक्का मारला आणि ड्रायव्हरच्या हातात दिलं. ड्रायव्हरनं वाचलंही नाही.

"शिक्का मारायच्या आधी फासा टाकून बघितला," भुजंग सांगत होता. "कपाटापाशी, फरशीवर. तीनदा टाकला, तिन्ही वेळा सहा. मग म्हणलं, आता भ्यायचं न्हाई. माय कालपासून दारात पाणी भरून राहिली, अण्णा. दारात."

शिशाचं सांगून टाकावं असं गुंडप्पाला वाटलं. पण भुजंगाच्या तोंडावर जे होतं ते त्यानं त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्या हातानं पुसायला त्याचा जीव धजला नाही. तो म्हणाला, "साहेब यायच्या आत जुनं पत्र परत चालू कर." भुजंग म्हणाला, "हाव, आठ दिवस फक्त."

आठाचे दहा झाले. रोज एक खेप उंबरदऱ्याला जात राहिली.

काळेवाडी मोठं गाव. दोन खेपांत कसंबसं भागायचं, एकीत भागेना. टँकर विहिरीतच रिकामा करायचे, आणि पाणी तळाच्या खड्ड्यात वाटीएवढं उरलं की बायका पायऱ्या संपल्यावर कपारीला धरून खाली उतरायच्या आणि तांब्यानं घागर भरायच्या. दहाव्या दिवशी सकाळी कपार सुटली. सिंधू नावाची बाई आणि तिची नणंद शिवकन्या दोघी खाली होत्या. दगड काढायला दुपार झाली. सिंधूला काढलं तेव्हाच ती गेलेली होती. शिवकन्येनं बैलगाडीत, अहमदपूरच्या दवाखान्याच्या वाटेवर जीव सोडला.

बातमी ड्रायव्हरनं आणली. दुकानाशी गाडी थांबवून तो न्हाव्याला सांगत होता. एक खेप का कमी झाली कुणास ठाऊक, असंही म्हणाला. भुजंग लेथपाशी उभा होता. तो खाली बसला, मग उठून बाहेर गेला आणि भर उन्हात चालत काळेवाडीच्या रस्त्याला लागला. नीलम्मानं हाक मारली, त्यानं वळून पाहिलं नाही.

दोन दिवसांनी तो आला. कचेरीत त्यानं स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. कागद तयार होत होते, पोलिसांनी बोलावलं होतं. गुंडप्पानं दुकानाची फळी लावून घेतली. आत शिवकांता आणि नीलम्मा होत्या. त्यानं आता काही लपवलं नाही. फाशातलं भोक, शिसं, लाख, सगळं सांगितलं.

भुजंगानं खिशातून फासा काढला. नखानं एकाच्या ठिपक्यावरची लाख खरवडली. आतलं शिसं राखाडी दिसलं.

"म्हंजी तीनदा सहा पडला तो तुमचा होता."

"हाव."

"रणधीरसाहेब बी तुमचाच."

शिवकांता म्हणाली, "भुजंगराव, दोष माझा बी हाय. तो अर्ज मी डावात आणला."

भुजंगानं तिच्याकडं पाहिलं नाही. "बाई, तुमचं ऱ्हाऊ द्या. अण्णा, एक विचारू? त्या दोघी बायकांचा जीव कुणाच्या माथी?"

"माझ्या," गुंडप्पा म्हणाला. "मी भोक पाडलं नसतं तर तू भ्याला असतास. कागद लिहिला नसतास."

"न्हाई." भुजंगाचा आवाज चढला नाही. "सहा तुमचे घ्या. लई दिवस मला वाटलं, माझं दान बरं पडायलंय, ते बी घ्या. पण कागद मी लिहिला. हात माझा होता. तेवढं तरी माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." फासा त्यानं लेथच्या पाटीवर ठेवला आणि फळी सरकवून निघून गेला.

चौकशीत गुंडप्पा आपणहून गेला. चौकशीच्या साहेबांनी त्याचं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे आरोपीनं जुगारावर हुकूम काढला, असं लिहू का?" ते लिहिलं तर भुजंगाचं आणखी वाईट होईल, हे गुंडप्पाला तिथंच कळलं. तो नाही म्हणाला. साहेबांनी कागद उलटा ठेवला. त्याच आठवड्यात काळेवाडीला तीन खेपा मंजूर झाल्या, उंबरदऱ्यालाही एक. पाहणी लागली नाही.

मग गुंडप्पा काळेवाडीला गेला. सिंधूचा नवरा लिंबाजी, तोच शिवकन्येचा भाऊ, विहिरीवर होता. गावकरी पडलेले दगड आणि गाळ उपसत होते, पुन्हा कुणाला खाली उतरावं लागू नये म्हणून कठडा बांधणार होते. गुंडप्पानं त्याला बाजूला बोलावून सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. लिंबाजीनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्याला एवढंच समजून घ्यायचं होतं.

"तुम्ही खेळत होता?"

"हाव."

"दुपारचं?"

"हाव."

लिंबाजीनं मान हलवली, जणू कुणी त्याला रस्ता सांगितला आणि तो ध्यानात ठेवायचा होता. मग तो पाटी उचलून परत गेला. गुंडप्पानंही एक पाटी उचलली.

आठ दिवस तो तिथं राहिला. देवळाच्या ओट्यावर पथारी, कुणी देईल ती भाकरी. सेहेचाळीस वर्षांचे हात लाकडाला सरावलेले, गाळाला नाही, बोटं फुटली. त्यानं राहाटाचं नवं चाक तासून बसवलं. गावानं त्याला हाकललं नाही आणि आपलंही म्हटलं नाही. लिंबाजी त्याच्या शेजारून पाट्या न्यायचा आणि बोलायचा नाही. नवव्या दिवशी सकाळी तो ओट्यापाशी आला.

"तुम्ही आता जावा," तो म्हणाला. "आमची माय घराबाहेर पडंना. तुम्ही दिसलात की तिला वाटतं, परत कुणी सरकारी माणूस विचारायला आलाय. तिला परत परत सांगावं लागतंय, दोघी कशा कशा उतरल्या ते."

"मी तिच्या पाया पडून जाऊ का?"

"नका."

गुंडप्पानं पथारी गुंडाळली. वाटेत त्याला तिघी-चौघी बायका घागरी घेऊन विहिरीकडं जाताना दिसल्या. त्यांनी त्याला वाट दिली. सडकेवर येऊन तो एसटीची वाट बघत उन्हात उभा राहिला.

भुजंगाची नोकरी गेली, सहा महिन्यांची शिक्षा झाली. सुटल्यावर तो उंबरदऱ्याला राहिला नाही. मुदखेडच्या स्टेशनवर मालधक्क्यावर पोती वाहतो, असं कुणी कुणी सांगत आलं. नागुबाई लेकाकडं गेली नाही. गावात लोक तिला म्हणायचे, तुझ्या लेकामुळं टँकर आला. ती त्यांना गप्प बसा म्हणायची. त्या उन्हाळ्यानंतर जूनमध्ये शाळा उघडली. शिवकांताच्या वर्गातली पोरं पहिल्याच दिवशी म्हणाली, बाई, सोंगं वाटा. तिनं फळ्यावर पाढे लिहिले आणि म्हणायला सांगितले. पोरांनी ते मोठ्यानं म्हटले.